टॅरोच्या पत्त्याला तीन तारखा



पेट झाली, आता विषय ठरवायचा आहे, आणि गाइड म्हणतात, "आधी प्रश्न घेऊन या." नांदेड-लातूरकडे संशोधनाची तयारी करणाऱ्या बहुतेकांची गाडी इथंच अडते. विषय असतो, पण प्रश्न नसतो. आज या अडचणीवर बोलायला मी मुद्दाम एक आडवळणाचा विषय घेतलाय. तो म्हणजे टॅरो कार्ड.

आडवळणाचा म्हटलं, पण तसा लांबचाही राहिलेला नाही. ऑनलाइन क्लास लावून टॅरो शिकणारी मंडळी आता आपल्याकडेही भेटतात. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं की ही हजारो वर्षांपूर्वीची इजिप्तची गुप्तविद्या आहे. दुसरं कुणी सांगतं की छे, हे मूळ आपलंच, इथूनच तिकडे गेलं. ही दोन्ही इतिहासाची विधानं आहेत. पत्त्यांवरून सांगितलेलं भविष्य खरं ठरतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याच्याकडे शेवटी येऊ. पण 'हे किती जुनं?' या प्रश्नाचं उत्तर कागदपत्रांतून तपासता येतं.

माझं पीजी सायन्सचं. लॅबमध्ये बाटलीवर नाव आहे पण तारीख नाही, तर ती बाटली कुणी वापरत नाही. इतिहासातल्या विधानांवरही अशीच चिठ्ठी लावायची, फक्त तिथं तारखा तीन लागतात. वस्तू कधीची? तिचा हा वापर कधीपासूनचा? आणि तिच्या उगमाबद्दलचा दावा पहिल्यांदा कुणी, कधी केला? या तिन्ही तारखा एकच असतील असं आपण नकळत धरून चालतो. टॅरोचं उदाहरण घेतलं की हा घोटाळा फार स्पष्ट दिसतो.

पत्ते हातात घेऊ

टॅरोच्या संचात ७८ पानं असतात. शिकवणारे त्याचे मोठे अर्काना आणि लहान अर्काना असे दोन भाग सांगतात. आपण आधी मेंढीकोट खेळणाऱ्याच्या नजरेनं बघू.

आपल्या पत्त्यांत चार रंग आणि प्रत्येकी १३ पानं. टॅरोत चार रंग आणि प्रत्येकी १४ पानं, कारण राजा, राणी आणि गुलाम यांच्या जोडीला एक घोडेस्वारही असतो. ही झाली ५६. रंग म्हणजे इस्पिक-बदाम नव्हे, तर पेले, नाणी, तलवारी आणि काठ्या. उरली २२ पानं. त्यांतली २१ म्हणजे कायमचा हुकूम. मेंढीकोटात आपण चारपैकी एक रंग बंद हुकूम म्हणून ठेवतो. टॅरोत तसं करावं लागत नाही, हुकमाची पानं मुळातच वेगळी आहेत. बाविसावं पान 'मूर्ख'. ते टाकलं की उतारीचा रंग पाळायचं बंधन टळतं, पण सहसा त्याच्यानं हात जिंकता येत नाही.

म्हणजे ही रचना खेळाची आहे. हात करायचे, हुकूम मारायचा, गुण मोजायचे. फ्रान्समध्ये आजही टॅरो हा घरोघरी खेळला जाणारा पत्त्यांचा डाव आहे.

वस्तूची तारीखही पक्की सापडते. १४४० साली फ्लॉरेन्समधल्या एका नोटरीनं एका सरदारासाठी असा संच विकत घेतला आणि रोजनिशीत नोंद केली. त्या काळी या पत्त्यांना 'त्रिओन्फी' म्हणत. 'तारोक्की' हे नाव कागदपत्रांत १५०५ पासून दिसतं. मिलानच्या विस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी १४५० च्या सुमारास रंगवलेल्या एका संचातली ७४ पानं आजही शिल्लक आहेत. त्यांतली ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बेर्गामोच्या कलासंग्रहालयात आणि १३ एका खासगी संग्रहात आहेत. तेव्हा पहिली तारीख पंधराव्या शतकाचा मध्य, आणि ठिकाण उत्तर इटली.

पहिल्या दिवसाचे धडे आणि त्यांच्या तारखा

आता नवख्याला जे शिकवतात, त्या एकेका धड्यावर तारीख टाकू. वहीत दोन रकाने पाडा, डावीकडे धडा आणि उजवीकडे त्याचा सर्वांत जुना पुरावा.

"प्रत्येक पत्त्याला एक अर्थ असतो." टॅरोच्या पानांना भविष्याचे अर्थ जोडलेली जुनी यादी बोलोन्या शहरात सापडली. ती अठराव्या शतकाच्या मध्यातली मानतात. म्हणजे पत्ते तयार झाल्यावर जवळपास ३०० वर्षांनी.

"पत्ता उलटा आला तर अर्थ बदलतो." पॅरिसच्या झाँ-बातिस्त आलिएत यानं आपलं आडनाव उलटं लिहून 'एतेइला' हे टोपणनाव घेतलं होतं. १७७० साली त्यानं पत्त्यांवरून भविष्य सांगण्यावर पुस्तक छापलं. त्यात सुलटे-उलटे अर्थ आहेत. गंमत म्हणजे हे पुस्तक टॅरोवर नाही, ३२ पानांच्या साध्या पत्त्यांवर आहे. टॅरोकडे तो १७८५ ला वळला आणि १७८९ मध्ये त्यानं फक्त भविष्यासाठी म्हणून वेगळा संच काढला.

"२२ मोठी पानं म्हणजे हिब्रू लिपीतली २२ अक्षरं." हा धागा अठराव्या शतकाच्या शेवटी निघाला, पण त्याची पद्धतशीर मांडणी केली ती फ्रेंच लेखक एलिफास लेवी यानं १८५० च्या दशकात.

"दहा पत्त्यांचा केल्टिक क्रॉस मांडा." ही मांडणी आर्थर एडवर्ड वेट यांनी १९१० च्या सुमारास लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकामुळे जगभर गेली. वेट यांनी तिला 'प्राचीन केल्टिक पद्धत' म्हटलं. नावातच 'प्राचीन' असेल तर संशोधकानं जास्त सावध व्हायचं.

"मूर्खाचा प्रवास म्हणजे आपल्या आयुष्याचा प्रवास." शून्य नंबरच्या मूर्खापासून 'जग' या एकविसाव्या पत्त्यापर्यंत एक कथा गुंफायची ही पद्धत अमेरिकेतल्या एडन ग्रे यांच्या १९६० ते ७० च्या दशकांतल्या पुस्तकांमुळे रूढ झाली.

वही बघा. डावीकडचे सगळे धडे क्लासमध्ये एकाच तासात, एकाच सुरात शिकवले जातात. उजवीकडच्या तारखा मात्र १७५० ते १९७० अशा पसरल्या आहेत. जमिनीच्या थरांसारखं हे साचत आलंय, आणि वरून पाहणाऱ्याला सगळा एकच थर दिसतो. तुम्ही कोणतीही 'परंपरा' अभ्यासाला घ्या, गावची जत्रा असो, एखादा पदार्थ असो की लग्नातला विधी. पहिलं काम हेच, दोन रकाने पाडायचे.

एका पत्त्याचा माग: तलवारीची तिर्री

थर उलगडायचे म्हणजे नेमकं काय करायचं? एकच पत्ता घेऊ. तलवारीची तिर्री. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संचांत तिच्यावर एक लाल हृदय दिसतं, त्यात तीन तलवारी घुसलेल्या आणि मागे पाऊस. अर्थ सांगतात विरह, दुःख.

हे चित्र पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं काढलेलं. वेट यांच्या सांगण्यावरून तिनं १९०९ मध्ये पूर्ण संच रंगवला आणि लंडनच्या रायडर कंपनीनं तो छापला. त्याआधीच्या बहुतेक संचांत आकड्यांच्या पानांवर आपल्या पत्त्यांसारखीच नुसती खूण असे. तिर्रीवर तीन तलवारी, पंजावर पाच. स्मिथनं प्रत्येक पानावर प्रसंग चितारला, त्यामुळे नवख्याला चित्राकडे बघून अर्थ लावता येऊ लागला. आज टॅरो शिकणं सोपं वाटतं त्याचं मोठं श्रेय तिला जातं. मोबदला मात्र किरकोळ होता, आणि तशी खंत तिनं स्वतःच एका पत्रात व्यक्त केली आहे. संचाला नाव पडलं ते प्रकाशकाचं आणि वेट यांचं. स्मिथचं नाव त्यात अलीकडे घालू लागले.

पण हृदय आणि तलवारी तिला सुचल्या कशा? इटलीत १४९१ च्या सुमाराचा 'सोला-बुस्का' नावाचा एक संच आहे. त्यात आकड्यांच्या पानांवरही चित्रं आहेत, आणि तलवारीच्या तिर्रीवर तीन तलवारींनी भेदलेलं हृदय आहे. या संचाचे फोटो १९०७ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे आले. स्मिथ लंडनचीच. दोन वर्षांनी तिचा संच आला.

इथं पुराव्याची साखळी नीट पाहा. चित्रातलं साम्य, फोटो म्युझियममध्ये आल्याचं साल आणि चित्रकर्तीचं राहण्याचं शहर, या तीन कड्या जुळल्यावर 'तिनं ते पाहिलं असावं' असं म्हणता येतं. नुसत्या साम्यावरून म्हणता आलं नसतं. सिनॉप्सिसमध्ये 'क्ष वर य चा प्रभाव' असं लिहिण्याआधी विचारा, क्ष ला य बघायला मिळण्याची वाट कोणती होती?

इजिप्त कुठून आलं?

तिसरी तारीख दाव्याची. टॅरो इजिप्तचं आहे असं १७८१ साली कूर द जेबलाँ या फ्रेंच विद्वानानं आपल्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात छापलं. इजिप्तच्या पुरोहितांनी आपलं ज्ञान पत्त्यांच्या रूपात लपवलं, आणि 'टॅरो' हा शब्द मुळात इजिप्शियन असून त्याचा अर्थ 'राजमार्ग', असं त्याचं म्हणणं.

आता साल बघा. रोझेटा शिळा सापडली १७९९ ला. शाम्पोलियननं इजिप्तची चित्रलिपी उलगडल्याचं जाहीर केलं १८२२ ला. म्हणजे जेबलाँ लिहीत होता तेव्हा जगात कुणालाच ती भाषा वाचता येत नव्हती. त्याचा दावा तेव्हा खोडता येणार नव्हता, आणि म्हणूनच तो पसरला. लिपी वाचता आल्यावर त्याला आधार देणारं काही निघालं नाही. पण चाळीसेक वर्षांत दावा पुस्तकातून पुस्तकात जाऊन घट्ट बसला होता.

हे चक्र तुम्ही ओळखून ठेवा, कारण लिटरेचर रिव्ह्यू करताना तुम्हाला ते भेटणारच. दहा पुस्तकं एकच गोष्ट सांगतात म्हणून ती दहा पुरावे ठरत नाही. दहाही जणांनी एकाचंच उचललं असेल तर पुरावा एकच. टॅरोच्या बाबतीत ही गाठ सोडवली ती मायकेल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानं. तर्कशास्त्रात नाव असलेल्या या माणसानं १९८० मध्ये 'द गेम ऑफ टॅरो' हा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि खेळाचे नियम, कागदपत्रं, छापील संच असा सगळा पुरावा पुढे ठेवून सांगितलं की हा आधी खेळच होता. भविष्य नंतर आलं.

मग मूळ आपलं का? गंजिफाची गोष्ट

इजिप्त गेलं की लगेच दुसरा दावा पुढे येतो, "टॅरो म्हणजे आपल्या गंजिफाचंच रूप." आपल्या भागात हा ऐकायला गोड वाटतो. त्यालाही त्याच तीन तारखा लावायच्या, सवलत नाही.

गंजिफा म्हणजे गोल, हातानं रंगवलेले पत्ते. कागदाचे किंवा कापडाचे थर चिकटवून, वर रंग आणि लाख चढवून ते करतात. महाराष्ट्रात सावंतवाडी त्यासाठी प्रसिद्ध. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुने कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती कला पुन्हा उभी केली. आपल्यापासून जवळचं ठिकाण म्हणजे निर्मळ. नांदेडहून भोकर-भैंशाच्या पुढे, आज तेलंगणात. लाकडी खेळणी आणि चित्रांमुळे निर्मळचं नाव आपल्याला माहीत असतं, पण गंजिफा करणाऱ्या जुन्या केंद्रांतही ते मोजलं जातं.

दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, म्हणजे १२० पानं. राजा, प्रधान आणि एक ते दहा. डाव दिवसा असेल तर रामाचा रंग आधी आणि रात्री असेल तर कृष्णाचा. पाच रंगांत आकड्यांचा क्रम सुलटा, पाच रंगांत उलटा. टॅरोसारखा वेगळा हुकूम मात्र यात नाही. रचनेतला हा मोठा फरक.

भारतातला गंजिफाचा नेहमी दिला जाणारा सर्वांत जुना उल्लेख बाबराच्या आठवणींतला, १५२७ चा. त्यानं सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवले. पुढे अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या काळातले १२ रंगांचे १४४ पत्ते वर्णिले. दोन्ही उल्लेख खेळाचे. युरोपात मात्र पत्त्यांची नोंद १३७० च्या दशकापासूनच आहे. फ्लॉरेन्सनं १३७७ ला त्यांच्यावर निर्बंधही घातले होते. तेव्हा हाती असलेल्या तारखांवरून गंजिफा टॅरोची आई ठरत नाही.

मग नातं काहीच नाही का? आहे, पण भावंडांचं. इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या ममलुक राजवटीतला पत्त्यांचा संच आहे. पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे त्याचे चार रंग, आणि त्यातल्या एका पानावर 'कंजिफा' हा शब्द. इटलीतल्या पत्त्यांत हेच चार रंग उतरले. तिकडे पोलो कुणाला माहीत नव्हता, म्हणून पोलोच्या काठीची झाली नुसती काठी. पुढे लंडनच्या भविष्यवाल्या संचात तिची जादूची कांडी झाली. गंजिफा हा शब्द इराणमार्गे आपल्याकडे आला. म्हणजे टॅरो आणि गंजिफा यांचा धागा पश्चिम आशियातल्या पत्त्यांपाशी जुळतो.

आणि पत्ते मुळात भारतातून निघाले, या दाव्याची तारीख? १८४८ साली विल्यम चॅटो या इंग्रज लेखकानं पत्त्यांचा उगम आपल्या चतुरंगाशी जोडणारा तर्क मांडला होता. आपण अभिमानानं सांगतो तो दावाही लंडनच्या छापखान्यातून फिरून आलेला असू शकतो.

दख्खनमधलं भविष्य: तीच युक्ती, वेगळी साधनं

गंजिफा खेळ होता, पण म्हणून आपल्याकडे चित्रावरून किंवा दानावरून भविष्य पाहत नव्हते असं नाही. उलट टॅरोवाल्यांना हेवा वाटावा इतकं आहे.

पहिलं उदाहरण फालनामा. फाल म्हणजे शकुन. मोठ्या आकाराचं चित्रांचं पुस्तक. मनात प्रश्न धरून ते कुठंही उघडायचं, एका बाजूला चित्र आणि समोरच्या पानावर त्याचा कौल. इराण आणि तुर्कस्तानातले फालनामे प्रसिद्ध आहेत, पण एक सचित्र फालनामा गोवळकोंड्यातला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. आज तो लंडनच्या खलिली संग्रहात आहे. चित्र काढायचं, चित्र वाचायचं, हे दख्खनमध्ये चालू होतं तेव्हा इटलीत टॅरोवर डावच रंगत होते.

दुसरं पाशाकेवली. चार बाजूंचा फासा तीनदा टाकायचा, आलेल्या आकड्यांप्रमाणे पोथीतलं उत्तर वाचायचं. याची परंपरा खरोखर जुनी आहे. मध्य आशियातल्या कुचा इथं १८९० मध्ये मिळालेल्या, सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातल्या 'बॉवर हस्तलिखिता'त असे संस्कृत मजकूर आहेत. तिसरं रमल. शब्द अरबी, 'रम्ल' म्हणजे वाळू. चार ओळी, प्रत्येक ओळीत सम किंवा विषम, म्हणजे १६ आकृत्या. आणि चौथं उदाहरण तुमच्यापैकी कुणी ना कुणी बाजारात किंवा यात्रेत पाहिलं असेल. पिंजऱ्यातला पोपट बाहेर येतो, पाकिटांच्या रांगेतून एक उचलतो, जोशीबुवा आतलं देवाचं चित्र दाखवून फळ सांगतात.

यांत्रिकपणे बघा, चारही ठिकाणी आणि टॅरोत सांगाडा एकच आहे. एक यदृच्छेनं निवड करणारं साधन, एक चित्रांची किंवा उत्तरांची यादी, आणि वाचणारा माणूस. फरक यादीच्या आकारात पडतो. पाशाकेवलीत ४ × ४ × ४ म्हणजे ६४ दानं. ६४ उत्तरं पोथीत लिहून ठेवता येतात. टॅरोत तीन पत्ते ओळीनं काढले तर ७८ × ७७ × ७६, म्हणजे ४,५६,४५६ मांडण्या. सुलटा-उलटा धरला तर त्याच्या आठपट, ३६,५१,६४८. एवढी उत्तरं कुठल्याच पुस्तकात मावणार नाहीत. म्हणून टॅरोत वाचणारा माणूस तिथल्या तिथं कथा जुळवतो, आणि समोरच्याशी बोलत बोलत जुळवतो. नवख्याला 'टॅरो वाचणं' शिकायला महिने लागतात ते यासाठी. अर्थ पाठ होतात, जुळवणी सरावानं येते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक सूचना मिळते. जिथं उत्तरं पोथीत आहेत तिथं पोथी वाचून बरंच कळेल. जिथं ती माणसाच्या बोलण्यात आहेत तिथं पोथी अपुरी, माणूस गाठावा लागतो.

आपला कागद कुठं गेला?

इथं खरी खंत आहे. १४४० च्या एका पत्त्यांच्या खरेदीची नोंद आपल्याला ठाऊक आहे. पण लातूर किंवा नांदेड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात शंभर वर्षांपूर्वी जोशीबुवा कोणती पोथी वापरायचे, तिच्यात किती पानं होती, याची तशी नोंद हाताशी नाही. टॅरो जास्त महत्त्वाचं होतं म्हणून असं झालं नाही. त्याच्यावर तारखांचे ठसे उमटत गेले. छापखान्याचं नाव, पत्त्यांवरच्या कराचा शिक्का, श्रीमंतांचे हिशेब, संग्राहकांची हौस. पोपटवाल्या जोशीबुवांच्या पाकिटांवर कराचा शिक्का नव्हता, आणि ती फाटली की नवी केली जायची.

तरी शोधायला जागा आहेत. फक्त आजच्या नकाशावर शोधू नका. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीचं बरंचसं 'उस्मानाबाद' नावाखाली मिळेल. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. 'लातूर' शब्द टाकून कॅटलॉग चाळणाऱ्याला उदगीरचा जुना कागद सापडणार नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निझामाच्या राज्यात होतो, त्यामुळे सरकारी कागद फारसी-उर्दूत आणि बराचसा हैदराबादला, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात. घरोघरच्या पोथ्या आणि हिशेब मोडीत. सय्यद सिराज-उल-हसन यांचं निझाम राज्यातल्या जातीजमातींवरचं १९२० चं इंग्रजी पुस्तक आणि त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा 'गावगाडा' ही दोन्ही चाळा. पण आत्रे इंग्रजी मुलखातलं लिहितात आणि सिराज-उल-हसन सरकारी नजरेनं, हे लक्षात ठेवून.

माणसांकडे जायला मात्र वेळ थोडा आहे. भटक्या जमातींच्या यादीत जोशी समाजाच्या पोटनावांत कुडमुडे, मेढंगी, सरोदे, सहदेव जोशी असे वेगवेगळे गट येतात. प्रत्येकाचं सांगणं आणि साधन वेगळं असण्याची शक्यता आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पकडायला, विकायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे पोपट गेला तसं त्याच्यासोबतचं बोलणंही चाललंय. नव्या पिढीनं हा धंदा सोडला तर त्यात वाईट वाटून घ्यायचं आपल्याला कारण नाही, कारण त्यांना तो गरिबीनं चिकटला होता. आपलं काम एवढंच की सांगणारी माणसं आहेत तोवर, त्यांच्या परवानगीनं, नोंद करायची.

आणि खरं ठरतं का?

शेवटी राहिलेला प्रश्न. वरच्या सगळ्या तारखांवरून टॅरोचं भविष्य खरं ठरतं की खोटं, हे सिद्ध होत नाही. एखादी गोष्ट १७८१ ची निघाली म्हणून चुकीची ठरत नाही, आणि पाचव्या शतकातली निघाली म्हणून बरोबर ठरत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते.

अशी चाचणी महाराष्ट्रात झाली आहे, पत्त्यांची नव्हे पण पत्रिकांची. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या मिळून २०० पत्रिका जमवल्या. ज्योतिषांनी फक्त पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातलं ते सांगायचं होतं. प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या, २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तर ५० टक्के येतात. टॅरोवर कुणाला असं काम करायचं असेल तर हा आराखडा समोर ठेवता येईल. पण तो संख्याशास्त्राचा प्रबंध होईल, इतिहासाचा नाही. आरआरसीसमोर बसण्याआधी आपला प्रश्न यांपैकी कोणत्या जातीचा आहे ते ठरवून जा. दोन्ही एकाच सिनॉप्सिसमध्ये कोंबले की पहिलाच प्रश्न तिथं विचारला जातो.

तर या आठवड्याचं काम. तुम्हाला जवळची वाटणारी एक 'प्राचीन' गोष्ट निवडा. वहीत तीन ओळी लिहा: वस्तू कधीची, वापर कधीचा, दावा कधीचा आणि कुणाचा. प्रत्येक ओळीपुढे सर्वांत जुना हाती आलेला पुरावा. जी ओळ कोरी राहील, तिथं बहुधा तुमचा प्रश्न आहे. टॅरोच घ्यायचं असेल तर एक सोपी सुरुवात देते. पत्ते रेशमी कापडात गुंडाळून ठेवावेत, हा नियम सगळे सांगतात. त्याचा पहिला छापील उल्लेख शोधा. आणि विषय घराजवळचा हवा असेल तर डिसेंबरच्या सुमारास लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. वही घेऊन जा, आधी ओळख करून घ्या, चहा घ्या, मग विचारा, "बुवा, हे तुम्ही कुणाकडून शिकलात?"